सातवा टाका

तर त्या मंगळवारी दुपारी दवाखान्यातली आया सोनामावशी नेहमीसारखी चौक गावच्या नाक्यावरून काळी पिशवी घेऊन आली. पिशवीत बोकडाचं आतडं होतं. मे महिन्याचं ऊन, हायवेच्या कडेनं पायी आलेली बाई. ती दारात पोचायच्या आधी वास आत आला.

"खाटीक इचारीत व्हता," पदरानं मान पुसत मावशी म्हणाली, "तुमची डॉक्टरीण लय वजडी खाते का म्हून. म्हनलं, खात नाय बाबा, शिवते."

समिधा हसली, पण नाकावरचा रुमाल न काढता. त्या वीस खाटांच्या दवाखान्यात ती शस्त्रक्रिया शिकत होती. शिकवणाऱ्या मॅडम दूर कुठेतरी, मोबाईलच्या पडद्यावर. जिथे सोयी नाहीत तिथल्या शिकाऊ डॉक्टरांसाठी तो वर्ग होता. आठवड्याला एक धडा, मग हाताशी मिळेल त्यावर सराव, मग त्याचा व्हिडिओ.

गेले काही महिने आतडं जोडायचेच धडे चालू होते. मधोमध कापायचं, दोन्ही तोंडं बारा टाक्यांनी जोडायची, आत पाणी भरून दाबायचं. थेंबही बाहेर येता कामा नये. गळती दिसावी म्हणून समिधा पाण्यात कपड्यांची नीळ घालायची. सराव संपला की मावशी ते सगळं मागच्या खड्ड्यात टाकायला न्यायची.

त्या दिवशी परीक्षा होती, मॅडम व्हिडिओ कॉलवर बघत होत्या. पास झाली तर शुक्रवारपासून खरं माणूस तिच्या सुईखाली येणार होतं.

कापलेली किनार बोटांतून गोगलगायीसारखी सटकत होती. समिधा डावखुरी, त्यामुळे तिच्या गाठी उलट्या बाजूला बसायच्या. "हजार टाक्यांत तुझा टाका ओळखेन मी," मॅडम म्हणायच्या.

तिनं पाणी भरलं. सातव्या टाक्यापाशी निळा थेंब फुगला आणि ओघळला.

"सातवा सैल आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळं उसव. पुन्हा घाल, आणि..."

तेवढ्यात रेंज गेली.

समिधा बसून राहिली. पंखा बंद. आतड्यावर माशा. हातमोज्यांत घाम साचून बोटं भिजल्या भातासारखी झालेली. तो गिळगिळीत जोड पुन्हा उसवायचा या विचारानंच तिच्या अंगावर काटा आला. तिनं आतडं नुसतं फिरवलं. सातवा टाका खाली दडला. वरच्या बाजूचा व्हिडिओ काढला, 'पुन्हा घातला' असं लिहिलं, आणि रेंज आल्यावर पाठवून दिला.

संध्याकाळी उत्तर आलं. पास.

शुक्रवारी सकाळी टेबलावर आलेलं पहिलं माणूस म्हणजे सोनामावशी.

पोट नगाऱ्यासारखं तट्ट झालेलं, ओठ पांढरे. राजेश सर, म्हणजे आठवड्यातून एकदा येणारे सर्जन, पोटावर हात ठेवताच म्हणाले, "आत फुटलंय काहीतरी. पनवेलपर्यंत टिकायची नाही. इथेच घेऊ."

मावशीच्या पोटावर बाळंतपणाच्या रेषा होत्या. त्याखेरीज एकही वण नव्हता. औषध लावताना समिधानं ते नीट पाहिलं होतं.

सरांनी पोट उघडलं. आधी वास आला. माणसाच्या पुवाचा वास समिधाला ठाऊक होता. हा तो नव्हता. हा काळ्या पिशवीचा वास होता.

मग पाणी आलं. निळं.

सरांनी आतडं हळूहळू बाहेर घेतलं. हातभर आतड्यानंतर ते थांबले.

"यांचं आधी ऑपरेशन झालंय?"

"नाही, सर."

"मग हे काय?"

आतड्याभोवती टाके होते. समिधानं मनात मोजले. बारा. प्रत्येक गाठ उलट्या बाजूला बसलेली. आतडं जित्या अळीसारखं वळवळत होतं, आणि प्रत्येक वळवळीसरशी सातव्या टाक्यातून एक निळा थेंब बाहेर येत होता.

"कुणी केलंय हे घाणेरडं काम?" सर म्हणाले.

समिधानं ओघळणाऱ्या थेंबाखाली बोळा धरला.

सरांनी सुई तिच्यापुढे धरली. "तू पास झालीस ना? सगळं उसव. पुन्हा घाल."

तिनं उसवलं. धागा ओढला की प्रत्येक टाक्यामागून चरबीचा पिवळा चिकट तंतू येत होता. या वेळी तिनं बाराही टाके एकेक करून ताणून पाहिले.

मावशी वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी समिधा तिच्या खाटेशी बसली, तेव्हा मावशीनंच तिचा हात धरला.

"ताई, एक सांगू? रागवू नका..."

"सांग."

"मी ते खड्ड्यात टाकलं नाय कदी. जिवावर यायचं वो. येवढं ताजं मटान... घरी न्यायची. चुन्याच्या पान्यात खरवडून, चांगलं शिजवून."

समिधाच्या बोटांना तो बुळबुळीतपणा पुन्हा जाणवला. "आणि टाके?"

"धागा काडायची ना. येक येक टाका काडून चुलीत टाकायची. धागा कोन खाईल?"

"मंगळवारचाही?"

"तो तर मीच काडला. बारा व्हते. मोजलेले."

खिडकीवर माशी आपटत होती.

"कधीपासून नेतेस, मावशी?"

"पयल्यापासनं."

पहिल्यापासून. एकवीस आतडी. त्यातली पहिली कशी होती ते समिधाला आठवत होतं. काहींना बाराऐवजी पाचच टाके. एक तर अर्धवट जोडून, किळस येऊन, तसंच बाजूला सारलेलं.

"एकटीच खायचीस...?"

मावशीला या प्रश्नाचं हसू आलं. "आता काय सांगू तुमाला, ताई. येकटीनं खाऊन घास उतरतो का? आमची लोधिवलीची अख्खी आळी हाय. वाटीवाटीनं समद्यांना."

समिधा उठली. बाहेरच्या बाकावर लोधिवलीहून टेंपोनं आलेली माणसं बसली होती. मावशीला बघायला आली असतील, असं तिला वाटलं. पण कुणी आत येत नव्हतं. सगळे पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात पोटावर.

मावशीचा मुलगा विपुल तिला बघून उभा राहायला गेला, आणि तसाच खाली बसला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "दुखत नाय फारसं. पन सकाळपासनं आत कायतरी... उसवल्यागत वाटतंय."

त्यानं तोंड पुसलं. मळक्या रुमालावर निळा डाग उमटला.