विहीर बुजवल्याचं साल

क्योतोच्या त्या चार गल्ल्यांत तात्सुओ सुगिमोरींनी चाळीस वर्षं टपाल वाटलं. कुठलं फाटक कधी बदललं, कुणाचं कुत्रं कुणाला चावलं, सगळं त्यांना तोंडपाठ. म्हणून शेजारची कानाए आपल्या कादंबरीचं एकेक प्रकरण त्यांच्याकडे आणून टाकायची. कादंबरीतली मुलगी काळ ओलांडून याच गल्लीच्या जुन्या दिवसांत जायची. तात्सुओ लाल पेन्सिल घेऊन बसायचे.

"काका, जपून हं. मागचं पान रक्तबंबाळ केलंत."

"अगं, गल्लीतलीच माणसं वाचणार ना? एक दगड इकडचा तिकडे झाला तर फाडून खातील तुला!"

पहिल्या प्रकरणात तिनं सार्वजनिक न्हाणीघराच्या अंगणात अंजिराचं झाड लावलं होतं. तिथं झाड कधीच नव्हतं. ती ओळ खोडायची तात्सुओंकडून राहून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले, तर अंगणात कवेत मावणार नाही एवढं झाड, आणि कावळे अंजिरं टोचतायत.

"हे कधी लावलंत?"

"काका, ऊन लागलं काय? आमच्या आजोबांच्या हातचं झाड ते!" मालक हसला.

तात्सुओ तडक घरी आले आणि ती ओळ खोडली. संध्याकाळी अंगण मोकळं होतं. वाळकं पानसुद्धा नव्हतं. आपल्या डोळ्यांवर त्यांचा पुरता भरवसा होता. काय घडतंय ते त्यांना कळलं, कसं ते नाही.

चौथं प्रकरण आलं ते जिझो देवाच्या सणाच्या आदल्या दिवशी. त्यात एक वाक्य होतं: 'एक पोर पडलं, म्हणून गल्लीनं १९५७ साली टोफूवाल्यांची विहीर बुजवली.'

पेन्सिल थांबली.

विहीर बुजवली होती ५९ साली. तेव्हा तात्सुओ सात वर्षांचे होते आणि मियो, त्यांची बहीण, चारची. "तिचा हात सोडू नकोस," आई म्हणाली होती. एका रातकिड्यासाठी त्यांनी तो सोडला. बुजवलेल्या विहिरीवर लोकांनी लेकरांचा राखणदार जिझो बसवला. दर ऑगस्टात आई त्या दगडी देवाच्या गळ्यात मियोच्या नावाचं लाल लाळेरं बांधायची. आईनंतर तात्सुओ बांधत आले.

विहीर ५७ सालीच बुजली, तर मियो पडणार कशात?

पोर कुणाचं, ते कानाएनं लिहिलं नव्हतं. मियो तेव्हा दोनची, सदा आईच्या पाठीवर. म्हणजे ती नव्हे. तात्सुओंना तेवढं पुरलं.

"साल बरोबर आहे ना, काका?"

"अगदी बरोबर," ते म्हणाले. "छातीठोक सांगतो."

सणाच्या सकाळी गल्लीत मुलांच्या नावांचे कंदील लागले होते. जिझोपुढे पाटावर एक म्हातारी बसली होती. डाव्या भुवईवर जुना भाजल्याचा डाग, लहानग्या मियोच्या भुवईवर होता तसाच.

"मियो! अगं मियो!"

तिनं मान वळवली नाही. समोरून कानाए आली, ती सरळ त्यांच्या अंगावर. तात्सुओंनीच बाजूला उडी मारली.

"मियोकाकू, चौथं प्रकरण! लाल पेन्सिल आणलीत ना?"

"कानामागंच असते गं माझ्या."

मियोच्या मांडीवर नवं लाळेरं होतं. त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं नाव टाचलं होतं: तात्सुओ, वय वर्षं पाच.

त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांना भीती वाटली नाही. मियो म्हातारी झाली होती, तिचे केस पिकले होते, आणि त्यांना आनंदानं रडू येत होतं.

"विहीर ५९ साली बुजवली असं लिहिलंय," कानाए म्हणाली. "पोर पडलं म्हणून. बरोबर ना?"

मियोनं पेन्सिल काढली. टोक नऊच्या आकड्यावर टेकलं आणि तिथंच थांबलं.

"खोड ते!" तात्सुओ ओरडले. "मियो, खोड!"

तिनं लाळेऱ्यावरच्या नावावरून अंगठा फिरवला. मग पेन्सिल पुन्हा कानामागं खोचली.

"अगदी बरोबर," ती म्हणाली. "छातीठोक सांगते."

ऊन कडकडीत होतं. तिच्या केसांतून पाणी ठिबकलं आणि कागदावर पडलं.