अन्सेलची न सांगितलेली शिकार

“नाही म्हणजे नाही! ती बाई त्या घरात आहे तोवर मी तुझ्या कपाळाला पाणी लावणार नाही!”

बांबूच्या कुडापलीकडून रेगिनाचा आवाज आला आणि मागावर बसलेल्या युस्तिनाच्या हातातला धोटा तिथंच थबकला... कंबरेला मागाचा पट्टा आवळलेला, चटकन उठताही येईना. गेली एकोणीस वर्षं ह्याच कुडातून तिनं आपल्या धाकट्या जावेचं सगळं ऐकलं होतं. तिचं खोकणं, तिचं रडणं, तान्ह्या लेकीसाठी गुणगुणणं... युस्तिनासाठी मात्र एक शब्दही कधी कानी आला नव्हता. आणि आज तिचा एकुलता एक मुलगा, तिचा स्तानिस, त्याच जावेपुढं गुडघे टेकून बसला होता!

“धाकटी इना, सकाळी नाव सुटायचीय,” स्तानिस काकूला अजिजीनं म्हणत होता; इकडं आई-काकूला इना म्हणतात, वडीलधाऱ्याला अमा. “अख्खा गाव वाळूवर जमणार. अमा पोलुस विचारतील, घरात गाठ आहे का? तू म्हणायचंस, नाही, दोर मोकळा आहे. एवढंच तर म्हणायचंय!”

“देवासमोर खोटं बोलू?”

“मग मी काय करू? माझ्या आईला घराबाहेर काढू?”

“मी काढ म्हटलेलं नाही,” रेगिनाचा आवाज एकदम खाली आला. “मला ते म्हणता येणार नाही, एवढंच म्हटलं.”

लेंबाटा बेटाच्या ह्या दक्षिण किनाऱ्यावर जमिनीत दगडांशिवाय काही उगवत नाही. पोट भरतो तो देवमासा. त्याचं मांस वाळवायचं, डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा, वरच्या गावांतून मका आणायचा आणि पोरं जगवायची. म्हणून नावेच्या टोकावर भाला घेऊन उभा राहणारा भालाईत म्हणजे घराचाच नव्हे, गावाचा प्राण! नवा भालाईत पहिल्यांदा निघतो तेव्हा त्याच्या घरातल्या ज्या बाईचा नवरा समुद्रानं नेला, तिला त्याच्या कपाळाला पाणी लावावं लागतं, आणि घरात कुणाच्या मनात गाठ नाही असं सगळ्यांदेखत सांगावं लागतं. तसं झालं नाही तर एकही वल्हेकरी नावेत पाय ठेवत नाही. घरात वाईट शब्द गेला असेल तर भाला घसरतो, नाहीतर माणूस जातो... असं सगळे मानतात.

मानोत बापडे! पण ह्या मानण्याची गंमत अशी की पुरुषाचा नेम चुकला की गाव बाईची जीभ तपासतो. दोर कुजका होता का, नावेत पाणी शिरत होतं का, हे कुणी विचारत नाही. विचारतात, सकाळी चुलीपाशी काय झालं?

एकोणीस वर्षांपूर्वीही तेच विचारलं होतं.

त्या दिवशी दोघे भाऊ एकाच नावेत होते. थोरला मार्सेलुस, युस्तिनाचा नवरा, भालाईत. धाकटा अन्सेल, रेगिनाचा नवरा, त्याच्या मागं दोर सोडणारा. भाला लागला, देवमासा खाली गेला, दोर सळसळत सुटला आणि त्याचा वेढा अन्सेलच्या घोट्याला पडला... संध्याकाळी नाव परतली ती एक माणूस कमी घेऊन. प्रेतसुद्धा मिळालं नाही!

नावघरापुढं गाव गोळा झाला. कुणाच्या घरातून वाईट शब्द गेला, म्हणून विचारणा झाली. रेगिना सात महिन्यांची गरोदर, ओठ पांढरेफटक, दोन्ही हात पोटावर... आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या युस्तिनाला ठाऊक होतं. पहाटे कुडातून तिनं सगळं ऐकलं होतं, जावेचं तोंड सुटलेलं, आणि शेवटी ते वाक्य, “परत नाही आलास तरी चालेल!”

हे बाहेर आलं असतं तर? नवऱ्याला गिळणारीला विधवेचा वाटा कसला, असं म्हणून तिचं मांस, तिचं तेल, सगळं बंद झालं असतं. त्या पोटातल्या जिवानं काय खायचं होतं? दगड?

युस्तिना पुढं झाली होती.

“मी भांडले,” ती म्हणाली होती. “सकाळी माझ्या तोंडून वाईट निघालं. दोष माझा.”

खरं तर त्या पहाटे तिच्या घरात नवरा-बायको हसत होते! मार्सेलुसनं अंधारात सदरा उलटा घातला होता आणि ती पोट धरधरून हसली होती. हे मार्सेलुसला ठाऊक होतं. तो तिथंच उभा होता, भिजलेला, थरथरत. त्यानं बायकोकडं पाहिलं... आणि मान खाली घातली. देवमाशाच्या पाठीवर उडी घेणारा माणूस तो! पण बायकोच्या बाजूनं एक शब्द काढायला त्याची छाती झाली नाही. पुढं घरी अंथरुणात मरेपर्यंत झाली नाही.

तेव्हापासून युस्तिना वाळूवर उतरली नव्हती. तिचा वाटा कुणीतरी दारात टाकून जायचं, कुत्र्याला टाकावा तसा. शिकार हुकली की नजरा तिच्या घराकडं वळायच्या. आणि अन्सेलची ती शेवटची शिकार गावानं कायमची मिटवून टाकली. अशुभ दिवस, त्याची गोष्ट सांगायची नाही!

“थोरली इना, आहेस का?”

स्तानिस नावघराकडं गेल्यावर, दिवेलागणीला, मागच्या दारानं देल्फिना आत आली. रेगिनाची लेक, बापाच्या मागं जन्मलेली. आईची नजर चुकवून ह्या चुलीपाशी यायची सवय तिला रांगत्या वयापासूनची. आज मात्र तिचे डोळे लाल होते.

“काय गं? कुणी काय बोललं?”

“नावघरात म्हातारे स्तानिसदादाला जुन्या शिकारी सांगत बसलेत. रीतच आहे ना, नव्या भालाइताला सगळं सांगायची. मी ताडी वाढत होते.” तिनं नाक पुसलं. “काय हसले गं सगळे! कुणाच्या तरी आज्यानं म्हणे तरंगत्या ओंडक्याला भाला मारला आणि अर्धा दिवस ओरडत होता, दमला रे, दमला, आता मरतोय!”

युस्तिनाला हसू आलं. “तो ओंडका घरी आणला होता त्यानं. म्हणाला, एवढी मेहनत केलीय, निदान चुलीला तरी होईल.”

देल्फिना हसली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. “मग मी विचारलं, माझ्या बापाची सांगा ना एक. शेवटची. तर सगळ्यांची तोंडं शिवली! अमा पोलुस म्हणाले, पोरी, ताडी वाढ. थोरली इना, जो ओंडक्याशी लढला त्याचीसुद्धा गोष्ट आहे... माझ्याच बापाची का नाही गं?”

युस्तिनानं पोरीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. काय सांगणार होती? की तुझ्या वाट्याच्या मांसासाठी तुझ्या बापाची गोष्ट मीच माझ्या हातानं पुरली? वात्सल्य आणि अपराध ह्यांची अशी गुंतवळ झाली होती तिच्या अंतःकरणात की कुठला धागा कुठला, तिचं तिलाही कळेना...

पोरगी गेल्यावर तिनं कंबरेचा पट्टा सोडला, मागावरचं अर्धं कापड गुंडाळून ठेवलं आणि गाठोडं बांधायला घेतलं. दोन लुगडी, एक जपमाळ. सकाळी लेवोलेबाला, बेटावरच्या शहराला, ट्रक जातो. तिथं बहीण आहे. आपण घरात नसलो की रेगिना मोकळ्या मनानं पाणी लावेल, स्तानिस नावेच्या टोकावर उभा राहील... आणि कधीतरी, वर्षासहा महिन्यांनी, कुणी लेवोलेबाला आलं तर सांगेल की तुझ्या मुलाचा नेम अचूक आहे. बस्स! आणखी काय हवं असतं आईला?

त्यागाची ही घाणेरडी सवय बायकांना लागते ती लागतेच. पाय दाबायला सुरुवात केली की गळा दाबून घेईपर्यंत थांबत नाहीत!

सकाळी सगळे वाळूवर गेल्यावर ती निघाली. ट्रकचा रस्ता नावघरांच्या मागूनच जातो. तिनं ठरवलं होतं, मान वर करायची नाही. पण पोटच्या पोराचा पहिला दिवस... तिनं मान वर केलीच! नाव ओंडक्यांवर चढवलेली, बारा वल्हेकरी दोन्ही अंगांना, नावेपुढं स्तानिस उघड्या छातीनं उभा, आणि त्याच्यासमोर नारळाच्या करवंटीत पाणी घेऊन रेगिना.

म्हणजे आली! युस्तिनाला वाटलं, मी घर सोडलं हे कळलं तिला. चला, सुटलं पोरगं...

“घरात गाठ आहे का?” अमा पोलुसचा म्हातारा, खणखणीत आवाज.

रेगिना गर्दीत कुणाला तरी शोधत होती.

“रेगिना, घरात गाठ आहे का?”

“जाऊबाई कुठाय?” रेगिनानं विचारलं.

“तिचं काय काम इथं?” कुणीतरी म्हणालं. “ती चाललीय. ती बघ, गाठोडं घेऊन. बरं झालं!”

रेगिनानं वळून पाहिलं. रस्त्यावर थिजून उभी असलेली ती वाळकी बाई, तिच्या हातातलं गाठोडं... तिनं करवंटी स्तानिसच्या हातात दिली.

“जाऊबाई!” तिनं किंचाळून हाक मारली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! “एक पाऊल पुढं टाकलंत तर शपथ आहे माझी! इकडं या!”

“रेगिना, नको,” युस्तिना ओरडली. तिला कळलं होतं, काय येतंय ते. “गप्प बस! पोरीचा विचार कर!”

“पोरीचाच करत आले! आता ती एकोणीस वर्षांची आहे.” रेगिना म्हाताऱ्यांकडं वळली. “गाठ आहे. माझी आहे. त्या दिवशी मी भांडले होते. माझ्या घोवाला मी म्हटलं, परत नाही आलास तरी चालेल. मी म्हटलं! मग ह्या पुढं झाल्या. मला वाटलं, ह्याही भांडल्या असतील, ह्यांच्याच शब्दानं गेला असेल तो, माझ्या नाही... असं वाटून घेतलं मी. वाटून घेतलं म्हणून जगले! पण कूड पातळ आहे हो. त्या पहाटे पलीकडून भांडण नव्हतं येत. हसू येत होतं. मला ठाऊक होतं... सगळं ठाऊक होतं, आणि तरी मी ह्यांचं तोंड पाहिलं नाही. कारण पाहिलं असतं तर माझं मला दिसलं असतं!”

ती वाळूवर कोसळली. युस्तिनाचं गाठोडं कुठं पडलं, ती उतारावरून कशी धावली, तिलाच कळलं नाही. तिनं जावेला दोन्ही हातांनी उठवून छातीशी धरलं.

“वेडी आहेस तू. वेडी! देवमासा होता गं तो. केवढा मोठा होता! दोर ओला होता. तुझ्या शब्दानं कुणी मरत नाही. तसं असतं तर ह्या गावात एकतरी पुरुष उरला असता का?”

वल्हेकऱ्यांतला एकजण फिसकन हसला आणि घाबरून गप्प झाला.

रेगिनानं हुंदके देत करवंटी परत घेतली आणि स्तानिसच्या कपाळाला पाणी लावलं. अर्धी करवंटी त्याच्या नाकावर सांडली. “दोर मोकळा आहे,” ती म्हणाली.

“ढकला नाव!” अमा पोलुस घाईघाईनं म्हणाला.

“थांबा.” स्तानिसनं नावेवर हात ठेवला. कपाळावरचं पाणी त्यानं पुसलं नाही. “अमा पोलुस, त्या दिवशी तुम्ही नावेत होता. त्या नावेतले आता तुम्हीच एकटे उरलात. देल्फिनाच्या बापाची शिकार सांगा. तोवर नाव हलणार नाही.”

“तो दिवस सांगत नाहीत, पोरा.”

“का? दिवस वाईट म्हणून, की तुम्ही गप्प बसलात म्हणून?”

म्हातारा वाळूवर बसला. मग त्यानं देल्फिनाला जवळ बोलावलं. सगळे जवळ सरकले. म्हाताऱ्या, पोरं, वल्हेकरी, सगळे.

“वारा पडला होता,” तो सांगू लागला. “उन्हात नाव नुसती डुलत होती. तुझा बाप म्हणजे नावेतला कोंबडा, गप्प बसवायचंच नाही त्याला. तो आम्हाला तुझ्या आईची नक्कल करून दाखवत होता.”

रेगिनानं डोळे विस्फारले.

“कंबरेवर हात असे, मान अशी. ‘परत नाही आलास तरी चालेल!’ आख्खी नाव हसत होती. मार्सेलुस भाला टेकून हसत होता.” म्हातारा दोघी जावांकडं वळला. “आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, बायांनो. भांडण होतं हेही माहीत होतं आणि ते भांडण नव्हतं हेही. संध्याकाळी इथं विचारलं तेव्हा मी तोंड उघडणार होतो... पण तोवर युस्तिना बोलून गेली होती. आणि दोर त्या दिवशी मीच गुंडाळला होता. मग बरंच वाटलं मला. देवाशपथ सांगतो, बरं वाटलं.”

युस्तिनानं त्याच्याकडं पाहिलं. एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं तिच्या दारावरून जाताना हा माणूस थुंकून पुढं जायचा. “ते नंतर बघू, अमा,” ती शांतपणे म्हणाली. “ते मी सोडणार नाही तुम्हाला. आधी पोरीला तिचा बाप सांगा.”

“सांगतो... सांगतो.” त्यानं देल्फिनाचा हात धरला. “मग त्यानं तुझ्या आईनं दिलेली शिदोरी सोडली. एवढं मोठं गाठोडं! सगळ्यांना दाखवत म्हणाला, बघा रे बघा माझ्या बायकोचा राग! परत येऊ नको म्हणते, आणि दोन दिवसांचं जेवण बांधून देते, हा बाबा वाटेत उपाशी मरायला नको म्हणून! आम्ही सगळ्यांनी खाल्लं त्यातलं. हात पुसतोय न पुसतोय तोच समोर फवारा दिसला. त्याच्या तोंडात घास होता, पोरी. हसत होता.”

देल्फिना म्हाताऱ्याचा हात घट्ट धरून ऐकत होती, जणू एक शब्द सांडला तर परत मिळणार नाही.

रेगिनानं युस्तिनाच्या खांद्यावरून डोकं उचललं. चेहरा अश्रूंनी माखलेला, आणि ओठांवर हसू उमटत होतं, जे ह्या गावानं एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

“दोन नाही,” ती म्हणाली. “तीन दिवसांचं होतं.”