चरबीतला ठसा

माझा मेहुणा कामाला वाघ आहे, पण त्याच्याबरोबर काम करण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं परवडतं. राहतो आमच्याकडेच, त्यामुळे सुट्टी अशी नाहीच. खाडीतून मालाच्या होड्या जातात, तो मार्ग आम्ही दोघं तपासतो. खोली यंत्र सांगतं. तळाला वाळू आहे की चिखल, ते यंत्राला कळत नाही. त्यासाठी शिशाचा गोळा दोरीने खाली सोडायचा. गोळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरायची, म्हणजे तळाला असेल ते चिकटून वर येतं. मेहुणा लाँच चालवतो आणि गरज पडली तर बुडी मारतो. बायकोने मला बजावलं आहे, "माझ्या भावाला एकटं पाण्यात उतरू द्यायचं नाही." जसा काही तो माझं ऐकतो.

त्या दिवशी खाडीच्या वळणावर गोळा वर आला तो स्वच्छ. वाळू नाही, चिखल नाही. चरबीत अंगठ्याचा ठसा होता, रेषान् रेषा दिसणारा. त्यावरून एक जुना, भरलेला वण तिरपा गेला होता आणि मध्येच किंचित वाकला होता.

"चावटपणा पुरे," मी म्हणालो.

"आता मी काय केलं?"

"हात दाखव."

त्याने दोन्ही अंगठे पुढे केले. गुळगुळीत. मग मी माझेही बघून घेतले, करतो काय. चरबी खरवडून नवी भरली, त्याला दोन्ही हात सुकाणूवर ठेवायला लावले आणि गोळा स्वतः सोडला.

दोरी सैल पडली. मग हलकेच ताणली गेली, कोणी वस्तू हातात घेऊन बघावी तशी.

वर आला तो तोच ठसा. तोच वण.

"भावोजी, उतरून बघतो ना मी. हाय काय अन् नाय काय."

"गप्प बस."

मी साहेबांना फोन केला. ते उखडले. "माणूस उतरवून बघा, नाहीतर मार्ग बंद ठेवा." मी मार्ग बंद ठेवला आणि होडीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या.

परतताना मेहुणा गुंतलेली दोरी चाकूने कापत होता. लक्ष सगळं बडबडीत.

"सांभाळून!" मी ओरडलो. तो दचकला, चाकू सटकला आणि अंगठा तिरपा चिरला. जखम मध्येच किंचित वाकली होती, ठशातल्या वणासारखीच.

फडकं मीच बांधलं. भीती वाटत होती आणि रागही येत होता, कोणावर ते कळत नव्हतं. मग मनाशी हिशेब केला. ठशातला वण भरलेला होता. ही जखम ताजी आहे. म्हणजे अजून वेळ आहे.

तेव्हापासून रोज त्याची पट्टी बघायची, हा माझा उद्योग. मेहुण्याची जखम भरू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला मी पहिलाच भावोजी असेन. पट्टी सोडू नकोस, वळणाकडे फिरकू नकोस, एवढंच मी त्याला सांगत राहिलो. का, ते सांगायची सोय नव्हती. तो हसायचा.

आज उठलो तर त्याचं अंथरूण रिकामं.

"तो कुठे गेला?"

"लाँच घेऊन गेला," बायको म्हणाली. "साहेबांनी बोलावलं म्हणे वळणावर. नुसतं बघून येतो म्हणाला."

"एकटा? आणि तू जाऊ दिलंस?"

"मी म्हटलं तुम्हाला उठवते. नको म्हणाला. भावोजी उठले की पुन्हा डोकं खातील. तुमच्या कटकटीला कंटाळलाय तो."

मी चपला शोधू लागलो. टेबलावर त्याच्या कपाशेजारी पट्टी पडली होती, अंगठ्याच्या आकारात अजून गोल. उचलून बघितली. रक्ताचा डाग नव्हता.

आतून तिला चरबी लागलेली होती, आणि चरबीत तोच ठसा, तोच वण.