दुसरी हाक

वसमतच्या एका प्रयोगशाळेत मी हळदीतला ओलावा मोजते. मार्चमधल्या एका गुरुवारी नमुना घेऊन आलेल्या माणसाचा फोन वाजला, आणि माझ्या हातातला चिमटा तसाच थांबला. ती 'वेशीपल्याड'ची धून होती.

"तुम्हीही बघत होता?" मी विचारलं.

"सहा वर्षं वाट बघून राहिलो, मॅडम."

त्याचं नाव रणजीत. कळमनुरीकडच्या तांड्यावरचा. ती भुताची मालिका सहा वर्षांपूर्वी मध्येच बंद पडली तेव्हा नायिकेचा हात कडीवर होता आणि बाहेरून कुणी तरी तिला बोलावत होतं. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, संध्याकाळी सातला, ती पुन्हा सुरू होणार होती. बाहेर तिचा नवराच असणार, असं त्याचं म्हणणं. नवरा तर मेलेला, मी म्हटलं. मेला म्हणून हाक मारू नये की काय, म्हणाला... आणि माझ्याकडे बघतच राहिला.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. चौथ्यांदा मी त्याला सांगितलं, की चारही नमुने एकाच पिशवीतले आहेत; आकडा जरासुद्धा हलत नाही.

"हळद तीच हाय," तो म्हणाला. "माणूस बदलून राहिला."

जाताना त्याने हळूच सांगून टाकलं. मंगळवारी सकाळी तो नोकरीसाठी पुण्याला निघणार होता. सोमवारी माझ्या घरी पहिला भाग बघायला येईल. दार उघडलं, तर आईजवळ लग्नाचं बोलेल. नाही उघडलं, तर समजून जाईल.

सोमवारी पावणेसातला वीज गेली. शिजत्या हळदीची वाफ शेतांकडून गल्लीत उतरली होती. समोरचं घरही दिसेना. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"शितल..."

रणजीतच. पहिल्यांदाच नावाने. मी उठले, तर आईने हात धरला. आमच्या गावात दिवेलागणीनंतरच्या पहिल्या दोन हाकांना ओ देत नाहीत. 'ते' आपल्याच माणसाच्या आवाजात दोनदा बोलावतं. तिसऱ्यांदा त्याला जमत नाही. मी विज्ञान शिकलेली... तरी थांबले.

"शितल..."

तोच आवाज — पण मागच्या दारातून. इतक्या लवकर तो मागे कसा पोचला?

तिसरी हाक आलीच नाही. शेवटी आईचा हात सोडवून मी पुढचं दार उघडलं. ओटा रिकामा होता.

सकाळी स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. रणजीत पायरीजवळ उभा. त्याने मान वर केली नाही.

"तिसऱ्यांदा काहून नाही बोलावलं?" मी विचारलं.

"तिसऱ्यांदा? मी एकदाच हाक मारली. दार उघडलं न्हाई... समजून गेलो."

"मग मागच्या दारातून—"

"मागं मी गेलोच न्हाई."

मग मी त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत राहिले.

"काय करून राहिल्या?"

"तुम्हीच आहात का, ते बघते."

"मग?"

"मिनिटाला एकशे दोन. जास्त आहेत... पण आहेत."

कंडक्टरने बेल दिली.

"पहिला भाग मीही पाहिला नाही," मी म्हणाले. "दुपारी दोनला परत दाखवणार आहेत. घरी चला. आईजवळ बसून बघू... आणि बोलायचं ते बोला."

त्याने बॅग खाली ओढली. गाडी निघून गेली. मागच्या दाराला कडी आहे ना, त्याने हळूच विचारलं. आहे, मी म्हटलं.

त्याचं मनगट मी अजून सोडलं नव्हतं.