मामाचा खोटारडा भोंगा

“कापली! मामानं भोंग्याची तार कापली!” नजूम धापा टाकत माडाखाली येऊन आदळला.

“कापली म्हणजे?” त्याच्या मोठ्या बहिणीने, मुनीराने विचारले.

“म्हणजे पकडीनं, कट्! वर म्हणतो कसा, कानाशी कोकलत होता खोटारडा, आता कोकल म्हणावं!”

शेजारचा सफ्वान खो खो हसला. मुनीरा मात्र हसली नाही.

होडीच्या इंजिनाने वेग घेतला की हल्ली त्यावरचा भोंगा किंचाळायचा. इंजिन तापलंय, थांबा! मामाने तळाच्या जाळीतले शेवाळ काढले, इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारे रबरी चाक नवे बसवले. तरी भोंगा बोंबलायचा तो बोंबलायचाच! आणि आज दुपारी मामा आणि उप्पा, म्हणजे मुनीराचे वडील, बेटाभोवतीच्या खडकांबाहेर मोठ्या समुद्रावर कुपा मासे धरायला निघणार होते. तिथे इंजिन बंद पडले, तर प्रवाह होडीला कुठे नेईल याचा नेम नाही. मागे एक होडी अशीच वाहत गेली होती. माणसे सापडली, पण तहानेने अर्धमेली झालेली.

“तुझे उप्पा का गप्प?” सफ्वानने विचारले.

“होडी उम्माच्या घरची,” मुनीरा म्हणाली. “ आमच्यात घर आईकडून चालतं, त्यात मामाचा शब्द शेवटचा, आणि उप्पा पडले जावई!”

तिघे किनाऱ्यावर धावले. कुन्नीकोया मामा गुडघाभर पाण्यात उभा राहून इंजिन सावकाश चालवून बघत होता. इंजिनाच्या बाजूने पाण्याची धार चांगली जोरात उडत होती.

“मामा, भोंगा उगाच नाही वाजत,” मुनीरा म्हणाली.

“ही धार दिसत नाही का तुला? एवढं पाणी फिरतंय आणि इंजिन तापेल? शाळेला सुटी काय लागली, मेकॅनिक झाली! जा, उम्माला भात बांधायला सांग.”

मुनीराचे तोंड एवढेसे झाले. तेवढ्यात नजूमच्या खिशातून काहीतरी वाळूत पडले. जुने रबरी चाक! मामाने फेकलेले, नजूमने भोवरा करायला उचललेले.

“बघू!” मुनीराने ते उचलले. “अरे, याची निम्मी पाती कुठायत?”

“मी नाही मोडली! मिळालं तेव्हापासून असंच आहे.”

“पाण्याबरोबर गेली असतील बाहेर,” सफ्वान म्हणाला.

“धारेचं भोक केवढं, पाती केवढी!” मुनीरा म्हणाली. “ ती आतच आहेत, इंजिनाच्या पोटात. आणि या कडा बघ, करपल्यात. पाण्यात राहणारं रबर करपेल कसं?”

नजूमने एकदम कपाळावर हात मारला. “हाजरा इत्ताचं लग्न!”

आता तिघांनाही हाजराताईचे लग्न आठवले. नवरदेव येताना मामाने वाळूवर ओढलेल्या, झिरमिळ्या लावलेल्या होडीचे इंजिन सलामी म्हणून गर्जवले होते. कोरडे, पाण्याविना! सगळे टाळ्या पिटत होते. “मामा, अजून!” म्हणून मुनीराच सर्वांत मोठ्याने ओरडली होती.

“मामा ऐकणार नाही,” सफ्वान म्हणाला.

“मग ऐकायला लावू!”

इंजिन थांबले होते. मामा बर्फ आणायला वळला, तशी मुनीराने इंजिनाला अडकवलेली लाल दोरी सर्रकन ओढली आणि ओढणीत लपवली. ती जागेवर नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. जास्तीची दोरी होती, पण त्या दोरीने मामाने बकरी बांधली होती, आणि बकरीने ती चावून टाकली होती!

“दोरी कुठाय?” थोड्याच वेळात मामाचा आवाज चढला. “नजूम!”

“माझ्याकडे आहे,” मुनीरा पुढे झाली. “देणार नाही. माझे उप्पा जाणारेत त्या होडीतून. तूही जाणारेस!”

सगळा किनारा बघू लागला. मामाचा हात उगारलेला. मुनीराने त्याच हातापुढे मोडके चाक धरले.

“उप्पा, याची पाती कुठे अडकतील?”

होडीशेजारी उभ्या उप्पांनी आधी चाकाकडे, मग लेकीकडे पाहिले. कधी नव्हे ते उप्पा मामाच्या आधी बोलले.

“वरच्या झडपेपाशी.” मग ते मामाकडे वळले. “कोयाक्का, धार झडपेच्या अलीकडेच फुटते. झडप तुंबली तरी धार जोरातच दिसणार. पाना द्या.”

“आता उशीर...”

“पाना द्या, कोयाक्का.”

इंजिन निवल्यावर उप्पांनी झाकण उघडले. झडपेच्या तोंडाशी काळे रबर गच्च बसले होते. त्यांनी एकेक तुकडा काढून मामाच्या तळहातावर ठेवला. नजूमने ते चाकाला जुळवून पाहिले. पाती पुरी झाली!

“लग्नातली सलामी...” मामा पुटपुटला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “आणि मी खोटारडा भोंगा दिला म्हणून दुकानदाराला शिव्या घालत होतो.”

झडप साफ झाली. तार मामाने स्वतःच्या हाताने जोडली. मुनीराने दोरी परत दिली. चावी फिरवताच भोंगा एकदाच “टीं!” करून गप्प झाला. आधी खडकांच्या आतच होडी वेगात फिरवून पाहिली. मुनीरा काठावर कान देऊन ऐकत होती. भोंगा वाजला नाही.

मामा किनाऱ्याला आला. इंजिन बंद करून त्याने लाल दोरी सोडवली आणि भात घेऊन आलेल्या उम्मासमोर, साऱ्या किनाऱ्यादेखत मुनीराच्या हातात ठेवली.

“घर तुम्हा मायलेकींचं, होडीही तुमची. ही दोरी तुझ्यापाशी राहू दे. तू दिलीस तरच होडी निघेल.”

मुनीराने दोरी मुठीत घट्ट धरली. मग उप्पांकडे बघून विचारले, “प्यायचं पाणी घेतलंत?”

“घेतलं.”

“मामा, तू?”

मामाने रिकामा कॅन उचलला आणि तो विहिरीकडे चालू लागला.