रेफरन्ससाठी दोन नावं

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्येच लिफ्ट थांबली आणि दिवा गेला, तेव्हा मी आधी देवाचं नाव घेतलं आणि मग घंटेचं बटण दाबलं. जरा वेळाने माझ्या डोक्याच्या वर दाराची फट उघडली. फटीतून विजेरीचा उजेड आला, मागोमाग ग्रीसचा वास, आणि मग एक शांत आवाज...

“आत कितीजण आहेत?”

“मी एकटीच,” मी म्हटलं. “चौथ्या मजल्यावरच्या नोकरी मार्गदर्शन केंद्रातली.”

“एकट्या आहात ना, मग वर जाल. पलीकडे जे वजन लावलेलं असतं ते तुमच्यापेक्षा भारी आहे.”

आतापर्यंत माझ्या वजनाबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. अंधारातही मला हसू आलं. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन आपण हाताने ब्रेक सोडणार आहोत, आधी खट् असा आवाज येईल, मग जरा डुलल्यासारखं वाटेल आणि मग लिफ्ट सावकाश वर सरकेल, असं सांगून तो गेला. आणि अगदी तसंच झालं — खट्, मग डुलणं, मग सावकाश वर. पुढे काय होणार ते आधी सांगून तसंच करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा तो जिना धावत उतरून दारात उभा होता. गच्चीवर रिमझिम होती, केसांवर थेंब तसेच होते. वीज गेली म्हणून लिफ्ट थांबली, लिफ्टचा काही दोष नाही, असं त्याने मला दोन-तीनदा बजावलं. जणू मी त्याच्या घरच्या माणसाची तक्रार करणार होते. मग हातातला फडका उगाच उलटसुलट करत त्याने विचारलं, केंद्रात लिफ्टवाल्यांना घेतात का?

“घेतात,” मी म्हटलं. “फक्त जिन्याने या.”

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो जिन्याने आला, घडी केलेला सीव्ही घेऊन. तो त्याच्या वहिनीने करून दिला होता. वर गॉगल घातलेला फोटो, खाली उंची, वजन, रंग सावळा, स्वभाव मनमिळाऊ, निर्व्यसनी, एक थोरला भाऊ विवाहित. कामाबद्दल शेवटी एक ओळ होती, ‘लिफ्ट दुरुस्तीचा अनुभव आहे.’

मी तो दोनदा वाचला. “हा नोकरीसाठी आहे की स्थळासाठी?”

तो कानापर्यंत लाल झाला. वहिनीने एकाच खर्चात दोन्ही कामं उरकली असावीत, म्हणाला.

हाच कागद त्याने दिसेल त्या कंपनीला पाठवला होता, आणि कुठूनच उत्तर नव्हतं. दादाचं फर्निचरचं दुकान होतं. महिनाअखेरपर्यंत कंपनीत पक्की नोकरी लागली नाही तर मुकाट्याने दुकानात यायचं, असं घरी ठरलं होतं. दादा मायाळू होता, पण लिफ्ट दुरुस्तीच्या या कंत्राटदाराकडे राबून भावाचं काही होणार नाही, हे त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं.

“दुकान सोफ्यांचं, मॅडम, पण दिवसभर उभं राहावं लागतं,” तो म्हणाला, आणि खिशातून एक जाहिरात काढली. एका लिफ्ट कंपनीला चाचणी मनोऱ्यावर तंत्रज्ञ हवा होता. नव्या लिफ्ट बाजारात जाण्याआधी तिथे त्यांची परीक्षा व्हायची. त्याने ती जाहिरात माझ्यासमोर ठेवली आणि बोट काही तिच्यावरून उचललं नाही. त्याला काय हवंय हे मला तेवढ्यावरून कळलं.

आम्ही कामाला लागलो. मी त्याला सांगितलं, सगळ्यांना एकच कागद पाठवला तर तो कुणालाच पोचत नाही. जाहिरातीत जे मागितलंय त्याच्या एकेका शब्दाखाली रेघ मारायची आणि प्रत्येक रेघेला आपल्या कामातलं उत्तर द्यायचं. मेहनती, जबाबदार, मनमिळाऊ हे सगळं मी खोडलं. असं तर सगळेच लिहितात. तुम्ही नेमकं काय केलंत?

“लिफ्ट चालू ठेवल्या,” तो म्हणाला.

मग मी या इमारतीच्याच लिफ्टबद्दल विचारलं, आणि हा अबोल माणूस एकदम वाहता झाला. पूर्वी ही लिफ्ट मजल्याच्या बोटभर वर नाहीतर खाली थांबायची. तिसऱ्या मजल्यावर फिजिओथेरपीला येणाऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्या तिथे अडायच्या, म्हातारी माणसं धक्क्याने कळवळायची. कंत्राटदार म्हणाला, सगळं पॅनेलच बदलू. याने मात्र रोज गच्चीवर बसून ब्रेकवर नजर ठेवली, त्यातलं झिजलेलं लायनर, म्हणजे घासून लिफ्ट थांबवणारी पट्टी, शोधून काढलं, ते बदलून ब्रेक नव्याने बसवला. आता खुर्ची आत जाते ते बसलेल्याला कळतसुद्धा नाही. सांगताना त्याने डाव्या तळव्याचा मजला केला, उजव्याची लिफ्ट केली आणि दोन्ही तळवे अलगद एका रेषेत आणले. मी त्या तळव्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

“लिहिताय ना?”

“लिहितेय,” मी म्हटलं. पडद्यावर अक्षरही नव्हतं. एवढं खोटं मी लगेच टाइप करून खरं केलं.

पुढच्या संध्याकाळी त्याने हळूच विचारलं, हाताखाली दहा माणसं होती असं टाकू का, जरा वजन येईल.

“होती का?”

“एक होता. तोही जेवायला म्हणून गेला तो आलाच नाही.”

मी मान हलवली. दिवसभरात जिभेवर खोटं येऊ देऊ नकोस, एवढंच मी रोज सकाळी हात जोडून मागते, आणि हा कागद माझ्या हातून जाणार आहे, असं मी त्याला सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. “मग राहू दे,” म्हणाला. “तेवढ्यासाठी तुमचा नेम नको मोडायला.”

शेवटी रेफरन्सची दोन नावं राहिली. काम स्वतः पाहिलेली माणसं हवी होती. कंत्राटदार नाव देणार नव्हता, त्याला हातचा माणूस सोडायचा नव्हता. फिजिओथेरपीच्या ताई एका शब्दात तयार झाल्या. दुसरं नाव?

“तुम्ही,” तो म्हणाला.

“मी काय सांगणार? मी तर अडकले होते.”

“अडकलेल्या माणसाइतकं लिफ्टवाल्याला कोण ओळखतं?”

मी माझं नाव टाइप केलं आणि अर्ज गेला. आता त्याला चौथ्या मजल्यावर यायचं कारण नव्हतं. तरी तो यायचा. कधी पंखा कुरकुरतोय का बघायला, कधी मुलाखतीच्या सरावाला. मी साहेब व्हायचे आणि प्रश्न विचारायचे.

“तुमचा एखादा दोष सांगा.”

“काम नसताना चौथ्या मजल्यावर जातो,” तो म्हणाला... आणि मला खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघावं लागलं.

मग एका दुपारी कंपनीतून एका बाईंचा फोन आला. आवाज चटपटीत होता. त्यांनी कामाबद्दल विचारलं, मी अडकल्यापासून सुटल्यापर्यंत सगळं सांगितलं. त्या हसल्या. मग म्हणाल्या, “नियम म्हणून विचारते. उमेदवाराशी काही नातं?”

“नाही.”

“नातं नसलं तरी वैयक्तिक जवळीक? असली तर तुमचं मत धरता येत नाही.”

नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. आणि ते पुरतं खोटंही नव्हतं. आम्ही एकमेकांना कधी काही बोललो नव्हतो, साधा हातात हात घेतला नव्हता. महिना संपत आला होता, दादाने दुकानात त्याच्यासाठी जागासुद्धा केली होती. एका शब्दाचा तर प्रश्न होता. पण तो शब्द काही केल्या ओठांवर येईना.

“आहे,” मी म्हटलं. “त्यांच्या बाजूने आहे की नाही, मला माहीत नाही. माझ्या बाजूने... आहे.”

“बरं,” बाई म्हणाल्या, “तशी नोंद करते.”

फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. जे मी स्वतःला सांगितलं नव्हतं ते परक्या बाईला सांगून बसले, आणि त्याच्या नोकरीवर पाणी सोडलं. तडक खाली फिजिओथेरपीच्या ताईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, “वेडाबाई, मला अजून फोन यायचाय. येऊ तर दे.” एवढं बोलून त्या पेशंटचा गुडघा वाकवायला निघून गेल्या.

मुलाखतीच्या दिवशी तो संध्याकाळी आला. इस्त्रीचा शर्ट प्रवासाने चुरगळला होता. तो काही बोलायच्या आत मीच सुरुवात केली.

“आधी माझं ऐका. तुमच्या दोन रेफरन्समधला एक माझ्यामुळे गेला.”

“माहीत आहे. त्यांनी वाचून दाखवलं.”

“वाचून?”

“सगळ्या साहेबांसमोर. शब्दनशब्द.”

मला कुठे तोंड लपवू असं झालं. टेबलावरची टाचणी उचलली, परत ठेवली. “आणि नोकरी?”

“मिळाली.” तो अजून दारातच उभा होता. “ताई म्हणे फोनच सोडेनात, शेवटी साहेब म्हणाले पुरे. आणि त्या कंपनीतल्या बाई म्हणाल्या, ज्याची माणसं स्वतःचं नुकसान करून खरं बोलतात, त्याच्या कागदावर खोटं नसणार. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय.”

मनोरा चार तासांवर होता. मला आनंद झाला आणि लगोलग ते चार तास आठवले. शनिवारीसुद्धा आमचं केंद्र उघडं असतं, एवढंच मी कसंबसं म्हटलं.

“त्यांनी मलाही विचारलं,” तो म्हणाला. “दुसऱ्या बाजूचं काय?”

“मग?”

“मी म्हटलं, माफ करा साहेब, हे उत्तर आधी तुम्हाला देता येणार नाही. ज्यांना द्यायचंय त्यांनी अजून ऐकलेलं नाही.” तो आत आला आणि टेबलापाशी थांबला. “दुसऱ्या बाजूनेही आहे. खूप आहे... फक्त एक पंचाईत झाली. आता तुम्हाला माझा रेफरन्स कधीच देता येणार नाही.”

“नाहीच देता येणार,” मी म्हटलं. “नातेवाइकांचं मत धरत नाहीत.”

शब्द तोंडातून गेला आणि मगच मला ऐकू आला.

तो हळूच खुर्चीवर बसला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. मी काही मागे घेतलं नाही, आणि त्यानेही मागे घेऊ दिलं नाही.