नेहमीच्याच गोळ्या

"माझ्या वडिलांना त्यांच्या बायकोनं मारलं," जान्हवी म्हणाली. "कसं मारलं, तेवढं तुम्ही शोधून द्या."

कसालच्या बाजारात, महामार्गाला लागून असलेल्या इमारतीत गुरुदास परबांचं ऑफिस होतं. विमा कंपनीसाठी संशयास्पद मृत्यूंची चौकशी करण्यात त्यांची नोकरी सरली होती. निवृत्तीनंतर तेच काम ते खासगीत करत. सोबतीला जीपवाला बाबली. तो गाडी चालवी, आणि गुन्हेगार कोण ते गुरुदासांच्या आधी ठरवून मोकळा होई.

जान्हवीच्या मांडीवर चार महिन्यांचं मूल झोपलं होतं. गुरुदासांनी पंखा कमी केला.

"बायको म्हणजे तुमची आई?"

"सावत्र. यमुनाबाई. बाबा सर्जेकोटला राहायचे. परशुराम मेथर. नोव्हेंबरात एकाएकी फिट आली आणि गेले. रक्ताचा अहवाल आत्ता, एप्रिलात आलाय. दम्यावरचं औषध रक्तात विषाइतकं वाढलं होतं. थिओफिलिन. आणि गोळ्या ती स्वतःच्या हातानं द्यायची. पोलीस उद्या तिला ताब्यात घेणार आहेत."

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"कोल्हापूरला, सासरी. बाळंतपणाला माहेरी येणार होते." तिनं मुलाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "बाबांनी ह्याला पाहिलंही नाही."

सर्जेकोटच्या घरात यमुनाबाई पडवीत बसून सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत होत्या. गुरुदास बाकड्यावर बसले. बाकड्याच्या हातावर जळकट काळे डाग होते, एकाला एक लागून. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"गोळये मियांच दिय," यमुनाबाई म्हणाल्या. "आठ वर्सां. सकाळी एक, रात्री एक. डाक्टरान सांगल्यान तशेच. जास्त एकव नाय."

"दुकान बदललं? दुसऱ्या नावाच्या गोळ्या आणल्या?"

"नाय. तेच, नेहमीचेच."

"शेवटच्या दिवसांत त्यांना काय होत होतं?"

"हात थरथरायचे. झोप नाय. खाल्लेला पोटात रवा नाय. छातीर हात ठेवन बसायचे." त्यांनी सुंगटं बाजूला सारली. "डाक्टराकडे चला म्हटलंय, तर आयकाक नाय. म्हणाले, चार दिवस सोसूक व्हया, मगे बरा वाटतला."

"काय सोसायचं?"

यमुनाबाई उठल्या. पदरानं हात पुसून त्या आत गेल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना नवा चुना होता. मधोमध पाळणा टांगलेला होता. त्यात अजून कोणी झोपलं नव्हतं.

यमुनाबाईंचा मुलगा रविराज बंदरावर जाळं सांधत होता. समुद्राकडची जमीन हॉटेलवाल्याला विकावी, असं त्याच्या मनात होतं. बापाला ते मान्य नव्हतं. सगळ्या वाडीला हे ठाऊक होतं.

"आमचा वाजायचा, खोटा कित्याक सांगू?" तो म्हणाला. "पण त्या म्हयन्यात म्हातारो माज्याशी भांडाकव विसारलो. चेडू बाळंतपणाक येतला म्हणान हरखान गेललो. स्वतः चुनो काढल्यान, पाळणो बांदल्यान. बिडयेचे कट्टे माज्या अंगार फेकल्यान. म्हणालो, ह्या घरात आता धूर नको."

"बिडी खूप ओढायचे?"

"दिसभर. एकीवर दुसरी पेटवी. मगे सोडल्यान, आणि हात थरथराक लागले. आमी म्हटला, बिडी सुटली म्हणान होता. सगळ्यांकच तसा होता."

जीपकडे परतताना बाबली हळूच म्हणाला, "साहेब, ह्योच तो. गोळये चायेत विरघळयल्यान आसतले."

"चहात घातल्या असत्या तर कडवटपणा जिभेला लागला असता, बाबली. शिवाय एका दिवसात माणूस आडवा झाला असता. परशुराम मात्र कितीतरी दिवस हळूहळू बिघडत गेले."

मालवणात डॉक्टर सुखटणकरांचा दवाखाना होता. ते सरळ माणूस होते आणि त्यांची झोप उडालेली दिसत होती.

"डोस मोठा होता, पण चुकीचा नव्हता," ते म्हणाले. "परशुरामाला नेहमीचा डोस लागूच पडायचा नाही. धाप तशीच राहायची. वाढवत वाढवत मी तो जवळजवळ दुप्पट केला, तेव्हा कुठे तो चालायला-फिरायला लागला. तोच डोस इतकी वर्षं पचवला त्यानं."

"त्यांना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

"गणपतीनंतर. तेव्हा छान होता. नेहमीसारखंच सांगितलं, बिडी सोड बाबा."

गुरुदासांनी दवाखान्यातूनच गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, औषधशास्त्र शिकवणाऱ्या एका जुन्या ओळखीच्या प्राध्यापिकेला फोन लावला. परशुरामांनी अचानक बिडी सोडली होती, एवढं सांगून मग बराच वेळ ते फक्त ऐकत होते. रिसीव्हर ठेवला, तेव्हा समोर बसलेल्या डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. त्यांना सगळं कळून चुकलं होतं.

"तुम्हीही चला," गुरुदास म्हणाले.

संध्याकाळी पडवीत सगळे बसले. जान्हवी यमुनाबाईंपासून शक्य तितक्या लांब बसली होती.

"गोळ्या त्याच होत्या, तितक्याच होत्या," गुरुदासांनी सुरुवात केली. "तरी रक्तात औषध साठलं. म्हणजे जास्त आत गेलं नाही, कमी बाहेर पडलं. आपल्या यकृतात काही एन्झाइम असतात. बाहेरून आलेलं औषध, विष, धूर, जे परकं असेल ते मोडून शरीराबाहेर काढायचं काम ती करतात. थिओफिलिन मोडणाऱ्या एन्झाइमचं नाव आहे सायटोक्रोम वन-ए-टू. बिडीच्या धुराशी झगडता झगडता यकृत हे एन्झाइम भरपूर तयार करू लागतं. परशुरामांचं यकृत कित्येक वर्षं तसंच चाललं होतं. म्हणून साधा डोस त्यांच्या अंगात टिकायचा नाही, म्हणून डॉक्टरांनी तो वाढवला."

बाबली पुढे सरकला. "मगे बिडी बंद झाली तेव्हा..."

"धूर थांबला, तसं एन्झाइमही काही दिवसांत कमी झालं. गोळ्या मात्र तेवढ्याच राहिल्या. औषध साठत गेलं. थरथर, उलट्या, छातीतली धडधड, ही सगळी त्याचीच लक्षणं. ती बिडी सुटल्याची वाटली म्हणून कोणी दवाखाना गाठला नाही. आणि बिडी त्यांनी सोडली ती..."

"पुरे, परबानू," यमुनाबाई एकदम म्हणाल्या. "माज्याच हातान जास्त गोळी गेली आसतली. तसाच लिवन देवा."

"तसं लिहिलं तर तुम्ही उद्या तुरुंगात जाल."

"जाईन. चेडू लेकुरवाळा आसा. तेका कित्याक सांगतास?"

जान्हवीनं यमुनाबाईंकडे पाहिलं, मग चुना काढलेल्या भिंतीकडे.

"मीच फोन केला होता," ती म्हणाली. "म्हटलं, बाळाला दम्याचा त्रास नको. तुम्ही बिडी सोडल्याशिवाय मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही." तिचा आवाज पार खाली गेला. "पोराची शपथ घातली मी त्यांना."

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाले. "सोड सोड म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं. सोडलीस तर आधी माझ्याकडे ये, गोळी कमी करावी लागेल, एवढं एक वाक्य कधी सांगितलं नाही. मी आजच पोलिसांना जबाब देतो."

जान्हवीच्या कानांवर ते पोचलं की नाही, कळलं नाही. "त्यांनी मागितली नाही बिडी? एकदाही?"

यमुनाबाई तिच्याकडे वळल्या. "मियांच दिललंय. तेंचे हाल बघवनत नाय होते. एक ओढा म्हटलंय, कोणाक कळाचा नाय. हातात धरल्यानी, वास घेतल्यानी, आणि परत दिल्यानी. म्हणाले, नातवाक मांडयेर घेतलंय तर माज्या तोंडाक वास येता नये."

जान्हवी वाकली ती वाकलीच. तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता, नुसते खांदे हलत होते. मूल जागं होऊन रडू लागलं. यमुनाबाई उठल्या, तिच्या मांडीवरून त्यांनी मूल उचललं आणि खांद्याला लावलं.

"तुमी मारूक नाय तेंका," त्या म्हणाल्या. "तेंका तुमचा आयकाक बरा वाटला, म्हणान तेंनी आयकला."

गुरुदास आणि डॉक्टर आवाज न करता पायऱ्या उतरले. पोलीस ठाण्याला पोचायचं होतं. बाबली जीपपाशी जाऊन डोळे पुसत उभा होता. त्यानं आता कोणाचंच नाव घेतलं नाही.

मागं पडवीत यमुनाबाईंनी एका हातानं मूल सांभाळत पेजेचा वाडगा जान्हवीपुढे ठेवला.

"रडलंस तर दूद आटात, चेडवा. जेव आधी."

जान्हवीनं वाडगा दोन्ही हातांनी धरला. मग तिनं पहिला घोट घेतला.